सखूबाईची तर्जनी आणि चार धागे

"दोनच धागे घे. कशाला वेळ घालवतोस?" सर ऑपरेशन टेबलापलीकडून म्हणाले.

"सर, चार घेऊ द्या."

टेबलावर सखूबाई होती. पेठ तालुक्यातली, मजुरांच्या टोळीबरोबर दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीला आलेली. कात्री निसटून तिच्या डाव्या तर्जनीचा टेंडन तुटला होता. टेंडन म्हणजे स्नायूची ओढ बोटापर्यंत नेणारी दोरी. शिवताना कापल्या जागेवरून जितके धागे पलीकडे जातात, तितका जोड मजबूत. पण जास्त धाग्यांनी जोड जाड होतो. तो बोटातल्या अरुंद बोगद्यात अडकला, तर बोट कायमचं ताठ. सरांची भीती खोटी नव्हती. माझी वेगळी होती. आदल्याच महिन्यात मी दोन धाग्यांवर शिवलेला एक टेंडन दहाव्या दिवशी तुटला होता. तेव्हापासून झोप धड नव्हती.

भूल फक्त हाताला दिलेली. सखूबाई सगळं ऐकत होती. "चार घाला ना डाक्टर. मला छाटलेल्या काड्या वेलीतनं वढायच्या हायेत."

सरांनी सुई माझ्यापुढे केली. मी चार घेतले.

वर बोट जागच्या जागी धरणारा स्प्लिंट बांधला आणि तीनतीनदा बजावलं, "उजव्या हातानं हे बोट हळूच मिटवायचं, सोडायचं. जोर अजिबात नाही." पहिले दोन आठवडे जोड फार कच्चा असतो.

दहाव्या दिवशी ती आली. स्प्लिंट सैल, आत मातीचा थर आणि वेलीच्या सालीचे तुकडे.

"काय केलंत सखूबाई?"

"टोळीनं बाग उक्ती घेतलीया, ठरल्या पैशात. एक बाई बसली का तिची ओळ बाकीच्यांवर पडती. अन् तुमीच म्हनले, बोट हालवा. नुसतं हालवून काय व्हतं? दोन ओळी काड्या वढल्या."

मी पट्टी सोडली. "मिटवा."

बोट हललं नाही. सर मागे येऊन उभे राहिले.

"मिटवा ना!"

"भ्या वाटतं. तुमचं तोंड बघून."

मी मान वळवली. सर म्हणाले, "वाकलं."

बघितलं तर शेवटचं पेर खरंच वाकलं होतं, म्हणजे जोड टिकला होता. मी स्टुलावर बसलोच.

"नशीब तुझं," सर मला म्हणाले. पुढच्या टेंडनला मात्र त्यांनी स्वतःच चार धागे घेतले.

तेव्हापासून मी एक पाळतो. टाका घालताना पेशंट आपलं ऐकणार नाही, असंच धरून चालतो.