डोळे न बसवलेलं बदक

हे मी कित्येक वर्षं टाळलं. सांगायची वेळ आली नाही असं नाही. अनेकदा आली, आणि दर वेळी मी चहाचं विचारलं किंवा हवेवर बोललो. माझा मित्र दिगंबर, आम्हा सगळ्यांचा दिगू, सहा-सात आठवड्यांपूर्वी गेला. कोलोनहून त्याच्या मुलीचा, मीराचा, फोन आला. ‘काका’ एवढं मराठीत म्हणाली आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये. तळघरातल्या त्याच्या कामाच्या टेबलाशीच, खुर्चीत बसल्या बसल्या. हातात काचपेपर तसाच होता म्हणे. नंतर इथल्या मराठी मंडळींनी ब्योब्लिंगेनमध्ये शोकसभा घेतली. तिथे एकानं फार आपुलकीनं सांगितलं की दिगू म्हणजे भोळा, विसराळू कलावंत, आणि त्या विसराळूपणाची केवढी किंमत त्याला मोजावी लागली, त्याची बायको गिझेला गेली... लोकांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत होतो. मीही हलवली.

दिगू विसराळू नव्हता. ते खोटं आहे, आणि ते खोटं माझं आहे.

आम्ही दोघं एकाच मोटार कारखान्यात, एकाच ड्रॉइंग ऑफिसात लागलो. तो पेणचा. घरात गणपतीच्या मूर्ती करायचा धंदा. मी कोकणातला, विहिरीचं पाणी ओढून वाढलेला. तो मला ‘श्रीधरपंत’ म्हणायचा, तेही मी काहीतरी मूर्खपणा केला की हमखास. त्यानं गिझेलाशी लग्न केलं आणि ते गावाबाहेरच्या तळ्याजवळ राहायला गेले. शेजारी एक म्हातारा शिकारी होता. त्याच्या गॅरेजमध्ये दिगूनं पहिल्यांदा ती लाकडी बदकं पाहिली. पाण्यात सोडायची, खरी बदकं त्यांना आपल्यातली समजून खाली उतरतात आणि मग बंदुकीच्या टप्प्यात येतात. दिगूनं एक हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि घरी आल्यावर म्हणाला, “इतकं सुंदर करायचं, ते कुणालातरी मरायला बोलावण्यासाठी. चमत्कारिक आहे.” पण दुसऱ्या आठवड्यात त्याच्या तळघरात लिंडनच्या लाकडाचे ठोकळे येऊन पडले होते.

शिकाऱ्याला त्यानं एकही बदक कधी दिलं नाही. तो ती नुसती करायचा. डोकं वेगळं, धड वेगळं. धड आतून पोकळ करायचं, पटाशीनं मान आणि गाल काढायचे, मग कानस, मग काचपेपर. नराच्या कुशीवरच्या बारीक लहरी तो ओल्या रंगावरून कंगवा फिरवून काढायचा. आणि काचेचे डोळे अगदी शेवटी. पेणची सवय. “आमच्याकडे डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय मूर्ती मूर्ती नसते, माती असते,” तो म्हणायचा. “एकदा डोळे दिले की मग तिच्यासमोर खोटं बोलता येत नाही.” मी बाजूच्या स्टुलावर बसून चहा प्यायचो. माझ्याकडे एकच काम असायचं, बदकांच्या पोटाखाली दोर बांधायचं. दोराच्या दुसऱ्या टोकाला शिशाचा तुकडा, म्हणजे बदक पाण्यावर एका जागी राहतं. मी विहिरीच्या पोहऱ्याला मारतात ती गाठ मारायचो, ओढाल तितकी आवळणारी. दिगू त्यावरून फार छळायचा. त्याची गाठ एका झटक्यात सुटायची. “श्रीधरपंत, हे बदक आहे, पोहरा नाही. जर्मनीत येऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही अजून विहिरीवरच.”

त्या वर्षी तो एक मादी करत होता. तपकिरी, मान मागे वळवून चोच पिसांत खुपसलेली, झोपलेली. गिझेलाच्या वाढदिवसासाठी. तिला कळू नये म्हणून वरच्या फळीवर कापडाखाली ठेवलेली असायची. मी त्याची सगळी बदकं पाहिली आहेत, पण तशी दुसरी नाही. डोळे बसवायचे बाकी होते, ते तो वाढदिवसाच्या सकाळी बसवणार होता. गिझेला बहिणीकडे गेली होती त्या शनिवारी आम्ही चार-पाच बदकं पोत्यात घालून तळ्यावर नेली. कोणतं कलतं, कोणाला शिसं कमी पडतं, हे पाण्यात टाकल्याशिवाय कळत नाही. थंडी वाढत होती, पण पाणी अजून मोकळं होतं. ती मादी आम्ही बोरूच्या बेटापाशी सोडली. थोड्या वेळानं खरी बदकं आली. इतर बदकांकडे त्यांनी पाहिलंही नाही. तिच्याभोवती मात्र येऊन बसली, अगदी जवळ, आणि त्यांनीही माना मागे वळवल्या. दिगूला ते आवडलं नव्हतं असं मला आज वाटतं.

अंधारून यायला लागलं तसं आम्ही आवरलं. तो या काठानं, मी त्या काठानं. ती मादी माझ्या बाजूला होती. उचलायला वाकलो आणि मनात आलं, सकाळच्या उजेडात, धुक्यात, खऱ्या बदकांच्या मधोमध हिचा फोटो निघाला तर... वाढदिवसाला गिझेलाला बदक मिळेल आणि दिगूला माझ्याकडून फोटो. रात्रीतून वाहून जाऊ नये म्हणून मी तिचा दोर पाण्यातल्या जुन्या खुंटाला बांधला. माझी गाठ. दिगूनं पलीकडून विचारलं, “पोत्यात सगळी आली ना?”

“आली,” मी म्हणालो.

त्या रात्री पाणी गोठलं.

सकाळी मी कॅमेरा गळ्यात अडकवून पोहोचलो तेव्हा तळ्याच्या वाटेवर रुग्णवाहिका उभी होती. गिझेला आदल्या रात्रीच परतली होती. सकाळी फिरायला निघाली ती नेहमीसारखी तळ्याकडनं. कुत्र्याला घेऊन निघालेल्या शेजारणीनं तिला बर्फावर जाताना पाहिलं आणि हाका मारल्या. गिझेलानं मागे वळून ओरडून सांगितलं की एक बदक गोठून अडकलंय, हलत नाहीये, मी काढते. बर्फ काठाशी धरला होता. बोरूपाशी नव्हता.

मी कॅमेरा काढून गाडीच्या डिकीत ठेवला. हे पहिल्यांदाच लिहितो आहे. तिच्याकडे धावण्याआधी मी ते केलं.

अग्निशमन दलाच्या माणसानं ते बदकही बाहेर आणलं. खुंटाभोवतीचा फेरा कापून, गाठीसकट आणलं आणि दिगूच्या पायाशी ठेवलं. तो खाली बसला. दोर हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवत राहिला, खूप वेळ. मी त्याच्यामागे उभा होतो. पोलिसानं हळूच विचारलं, हे इथे कसं राहिलं? दिगूनं वर पाहिलं नाही. “मी आणायला विसरलो,” तो म्हणाला. मला वाटलं, त्याला खरंच तसं वाटतंय. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

मीरा तेव्हा विद्यापीठात शिकत होती. बापाच्या हलगर्जीपणानं आई गेली, हे तिनं ऐकलं आणि धरून ठेवलं. कोलोनला नोकरी घेतली. वर्षातून एकदा यायची, तेही रात्र न राहता. माझ्यासमोर एकदा तिनं त्याला म्हटलं होतं, “तुला मोजताही आलं नाही, पापा?” जर्मनमध्ये. तो म्हणाला, “नाही आलं गं.” मराठीत. मी तिथेच स्टुलावर होतो.

आणि तो बदकं करत राहिला. त्या दिवसानंतरच्या एकाही बदकाला त्यानं डोळे बसवले नाहीत. फळीवर ओळीनं पिसं रंगवलेली, माना वळवलेली बदकं, आणि डोळ्यांच्या जागी नुसते खळगे. तळघरात शिरलं की ती सगळी वळून दाराकडे तोंड करून आहेत असं वाटायचं. मी विचारलं तर म्हणायचा, “घाई काय आहे? डोळे शेवटी.” पण दोर मात्र तो प्रत्येक बदकाला बांधून घ्यायचा. माझ्याकडूनच. आता तो ती पाण्यात कधी सोडत नव्हता, तरी दोर लागायचाच. समोर बसून माझ्या हातांकडे बघत राहायचा. “गाठ तूच मार, श्रीधर. तुझी सुटत नाही.” त्या दिवसापासून त्यानं मला श्रीधरपंत म्हणणं सोडलं होतं. मी गाठ मारायचो. तो चहा ओतायचा. मी जायला उठलो की दर वेळी विचारायचा, “आणखी काही?” आणि मी म्हणायचो, “नाही रे, उशीर झाला.”

मी जायचं थांबवू शकलो असतो. कधी कधी वाटतं तो मला क्षमा करून बसला होता. कधी वाटतं, तो पाण्याकाठी बसलेल्या माणसासारखा न हलता माझ्या उतरण्याची वाट बघत होता. दोन्ही गोष्टींची मला सारखीच भीती वाटायची.

घर आवरताना मीराला वरच्या फळीवर, मागे, कापडात गुंडाळलेलं काहीतरी सापडलं. वर माझं नाव. ती मादी. इतक्या वर्षांत रंग थोडा उडालाय, पोटाला पाण्याची रेघ आहे, आणि मागे वळवलेल्या डोक्यावर डोळ्यांचे खळगे. दोराचं कापलेलं टोक तसंच होतं. खुंटाभोवतीची गाठ, माझी गाठ, सोडवलेली नव्हती. ती कधीच सैल पडू नये म्हणून दिगूनं तिच्यावर वॉर्निशचा हात दिला होता. नीट, पातळ, गणपतीच्या मुकुटावर द्यावा तसा. कापडात एक डबी होती, तिच्यात काचेचे दोन डोळे.

मीराला मराठी कळते, वाचता येत नाही. म्हणून हा लेख छापायला देण्याआधी मी कोलोनला गेलो आणि तिच्या स्वयंपाकघरात तिला वाचून दाखवला. ती सिंककडे तोंड करून उभी होती. मी संपवल्यावर तिनं एक कप विसळून पालथा घातला. मग म्हणाली, “नोखमाल.” पुन्हा एकदा. “तो पोत्याचा भाग.” मी पुन्हा वाचला. ती म्हणाली, “आणि पापाला माहीत होतं.” मी हो म्हणालो. तिनं जाऊन दार उघडलं आणि धरून उभी राहिली. मी निघालो. तिचा फोन आलेला नाही. येईल असं मी धरून चालत नाही.

बदक आता माझ्या टेबलावर आहे. डोळे बसवायला मी डबी उघडतो आणि पुन्हा बंद करतो. ते काम माझं नाही, आणि बसवले तर मला तिच्यासमोर बसता येणार नाही. संध्याकाळी चहा घेऊन तिच्यापुढे बसतो, दिगूच्या तळघरात बसायचो तसाच. ‘आणखी काही?’ हा प्रश्न आता कुणी विचारत नाही.

आहे, दिगू. सगळी आली नव्हती. मला माहीत होतं, आणि मी आली म्हणालो. माझं चुकलं.