प्रेसच्या खड्ड्यातला दिवा

तो दिवा दोनदा विझला आणि दोन्ही वेळा मी तो पाहिला. त्या दुपारी माझ्या हातून एक माणूस मरता मरता राहिला. त्याची गोष्ट मला कुणी कधी विचारली, तर मी याच वाक्याने सुरुवात करते. म्हणजे पुढे स्वतःला वाचवायला जागा उरत नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शिरवण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात आमचा रबराचा कारखाना होता. मोटारीत पायाखाली घालायच्या मॅट आम्ही काढायचो. मी मेंटेनन्सची इंजिनिअर, वय सव्वीस, आणि राग कायम नाकावर. शॉप फ्लोअरवर, यंत्रांमध्ये, मी एकटीच बाई. आवाज चढवला नाही तर कुणी ऐकत नाही अशी समजूत मी पहिल्याच महिन्यात करून घेतली होती. ती अर्धीच खरी होती, पण ते कळायला उशीर झाला.

आमच्या सगळ्यात मोठ्या प्रेसवर शिरवणे गावातलेच एक ऑपरेटर होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. पन्नाशीचे, काटक, कमी बोलणारे. त्यांची भातशेती जिथे होती तिथे आता सोसायट्या उभ्या होत्या, आणि ते आमच्याकडे मॅट काढत होते. ती प्रेस अर्धी जमिनीखाली होती. पुरुषभर खोल खड्डा, उतरायला लोखंडी पायऱ्या, आणि मधोमध तो जाड दांडा, जो तेलाच्या दाबाने वर येऊन साचा बंद करायचा. खड्ड्याच्या भिंतीत, तळाशी, एका कोनाड्यात मामांनी गावदेवीचं चित्र असलेली फरशी बसवली होती. तिच्यापुढे पहिली पाळी सुरू होताना ते पणती लावायचे.

मी नवीन असताना त्यांच्यावर ओरडले होते. खाली तेल गळतं, आणि तुम्ही तिथे दिवा लावता? वर लावा की.

"वर कसा ऱ्हाईल, म्याडम? वर पंखे हायेत, खाडीचा वारा हाय. खाली वारा नसतो. सहा वरसं झाली, तेल हाय तवर कदी इझला नाय."

नियमात ते बसत नव्हतं, पण गळतं तेल रोज पुसून काढायचं त्यांनी कबूल केलं आणि मी तो विषय सोडून दिला.

आमचं खरं दुखणं साच्याचं होतं. रबर भाजलं जाताना त्याचा जळका थर साच्यावर बसतो. नक्षीत बसतो, अक्षरांत बसतो, आणि मग मॅटवरची अक्षरं अशी उठतात की जणू तोंडात सुपारी धरून बोलतायत. साफ करायचा तर साचा उतरवायचा, थंड होऊ द्यायचा, कॉस्टिक सोड्यात बुडवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा. दोन दिवस प्रेस बंद. वर घासून घासून नक्षीच झिजायची. आमच्या साहेबांना मात्र पी हळद आणि हो गोरी असं हवं असायचं.

म्हणून मी ड्राय आइसचं मशीन डेमोला बोलावलं. मासिकात वाचलं होतं, पत्रं लिहून पाठपुरावा केला होता. मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला, पुण्याचा, माझ्याच वयाचा, शांत. त्याने थर्माकोलची पेटी उघडली तेव्हा आत तांदळासारखे पांढरे दाणे होते. तो गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, शून्याखाली अठ्ठ्याहत्तर अंश. उघड्या हाताने धरला तर कातडी सोलून निघेल. कॉम्प्रेसरच्या हवेने हे दाणे बंदुकीतून साच्यावर मारायचे. साचा गरमच राहू द्यायचा, उतरवायचाही नाही. थंडीने जळका थर कडक होऊन तडकतो, दाणा आपटताच त्याचा वायू होतो आणि तो वायू थराला खालून उचलून फेकतो. पाणी नाही, वाळू नाही, मागे ओला डागसुद्धा नाही. पडतो तो फक्त जळक्या रबराचा चुरा.

"आन बर्फ कुठं जातो?" मामांनी विचारलं.

"हवेत जातो, मामा," मी म्हणाले.

साहेब तीन वाजता बघायला येणार होते. दोनला आम्ही सुरू केलं. पाच मिनिटांत बंदुकीचं तोंड, नोझल, तुंबलं. पावसाळा सरत आला होता, खाडीवरून दमट हवा येत होती, आणि त्या हवेने दाण्यांचे गोळे व्हायला लागले होते. नोझल साफ केलं, पुन्हा तुंबलं. दाणे तर पेटीत बसल्या बसल्या कमी होत होते. ते कुणासाठी थांबत नाहीत. मी घड्याळ पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

"दोन्ही शटर खाली घ्या. एक्झॉस्टचे पंखे बंद करा. दमट हवा आत येताच कामा नये."

पुण्याचा माणूस म्हणाला, "मॅडम, दाण्यांसाठी ते बरोबर आहे, पण जागा हवेशीर ठेवायला..."

"तीन वाजता हवेशीर करू," मी म्हणाले. त्याला मशीन विकायचं होतं, तो गप्प बसला. शटर खडखडत खाली आलं.

मग जे झालं ते खरोखर बघण्यासारखं होतं. कानाला मफ लावूनही छातीत घुमेल असा आवाज, आणि त्या पांढऱ्या झोताखाली काळा साचा इंचाइंचाने चांदीसारखा होत होता. अक्षरांच्या कडा नव्या निघाल्या. साच्यावरून पांढरी वाफ उतरत होती, आणि दूध उतू गेल्यावर ओट्यावरून ओघळतं तशी प्रेसच्या कडेवरून सावकाश खड्ड्यात जात होती. मला ती सुंदर दिसली. हे मी लपवत नाही.

दाणे भरायला मशीन थांबलं तेव्हा मामांनी खाली पाहिलं.

"म्याडम, दिवा इझला."

मीही वाकून पाहिलं. कोनाडा काळा होता. "वाऱ्याने विझला असेल," मी म्हणाले. "राहू दे आता."

पण नव्या कामाचा दिवस, देवीपुढे अंधार कसा चालेल? मामा उतरले. दोन काड्या विझल्या, तिसरी पेटली, पणती लागली. वर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. "डोकं जड झालंय," म्हणाले. मी म्हटलं, जेवण झालंय ना, पाणी प्या. आणि मशीन पुन्हा सुरू करायला लावलं.

या वेळी आम्ही थांबलोच नाही. अडीच झाले, पावणेतीन झाले. साच्याचा कोपरा तेवढा उरला होता. मधेच माझी नजर खाली गेली. ज्योत आधी बुटकी झाली, मग वातीला चिकटली आणि गेली. मला त्या दिव्याचा राग आला. खरंच सांगते, राग आला. मामा पुन्हा पायऱ्या उतरताना दिसले आणि मी हात झटकून तोंड फिरवलं.

मशीन दाण्यांसाठी थांबलं. मी मफ काढले. एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत खालून काडी ओढल्याचा आवाज आला. खर्र. पुन्हा खर्र.

"मामा, वर या! साहेब येतील आता."

"काड्या सादळल्यात, म्याडम." आवाज जडशीळ होता, झोपेतून बोलल्यासारखा.

खर्र. खर्र.

मग आवाज थांबला. मला वाटलं, पेटला.

मी साच्याकडे वळले. एका अक्षरावरून बोट फिरवायचा मोह झाला, साचा गरम होता म्हणून आवरला. किती वेळ गेला असेल? अर्धं मिनिट, एक मिनिट. मग मी पाहिलं तर कोनाड्यात उजेड नव्हता.

मामा तळाशी बसले होते. डोकं दांड्याला टेकलेलं, मांडीवर काडेपेटी, आजूबाजूला जळक्या टोकांच्या काड्या. मी हाक मारली. ओरडले. ते हलले नाहीत.

मी पायरीवर पाय टाकला तोच पुण्याच्या माणसाने माझा दंड धरून मला मागे खेचलं. इतक्या जोरात की मी पडले.

"उतरू नका! तो वायू आहे खाली. हवेपेक्षा जड असतो. तुम्हीपण पडाल!"

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला तो शब्दही आधी मिळाला होता, आणि मी तो अर्ध्यात तोडला होता.

पुढचं सगळं मला तुटक तुटक आठवतं. कुणीतरी शटरच्या साखळीला लोंबकळलं, आणि ते शटर जन्मभर वर जात राहिलं. कुणीतरी एक्झॉस्ट लावला. मी कॉम्प्रेसरचा साधा हवेचा पाइप ओढला, खड्ड्याच्या कडेला पालथी पडले आणि त्याचं तोंड मामांच्या चेहऱ्याच्या दिशेने सोडून कॉक पूर्ण उघडला. त्यांचे केस उडत होते. शर्ट फडफडत होता. तेवढंच काय ते त्यांच्यात हलत होतं. मी त्या देवीला म्हणाले, मी तुझ्यावर विश्वास ठेवत नाही, पण याला ठेव.

पुण्याच्या माणसाने साचा उचलायचा पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला, दुसरा हातात घेतला. दोघांनी त्याचा पट्टा धरला. त्याने छाती भरून श्वास घेतला, तोंड मिटलं आणि उतरला. मी मनात आकडे मोजत होते. अकराला त्याने मामांच्या काखेतून पट्टा घातला. सतराला पट्टा निसटला, त्याने पुन्हा घातला. पंचवीसला त्याने हात वर केला आणि सगळ्यांनी ओढलं. मामा पोत्यासारखे वर आले. तो मागोमाग आला आणि जमिनीवर आडवा होऊन धापा टाकत राहिला.

मामांचे ओठ निळसर झाले होते. त्यांना उचलून शटरबाहेर उजेडात नेलं. छाती हलत होती की मलाच तसं वाटत होतं, कळेना. मग त्यांना एक ओकारी आली. इतका चांगला आवाज मी आयुष्यात दुसरा ऐकलेला नाही.

जीप वाशीच्या हॉस्पिटलकडे निघाली तेव्हा साहेब आत येत होते. बरोबर तीन वाजले होते.

हॉस्पिटलच्या बाकावर बसले असताना मला नववीचा वर्ग आठवला. बाईंनी काचेच्या भांड्यातला न दिसणारा वायू मेणबत्तीवर ओतला होता आणि ती विझली होती. कारण लिहा. मी लिहिलं होतं. प्रयोगात मी वर्गात पहिली आले होते.

मामा वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. तीन दिवसांनी ते घरी गेले. चौथ्या दिवशी साहेबांनी माझ्यापुढे टाइप केलेला अहवाल ठेवला. ऑपरेटर परवानगीशिवाय, पूजेच्या कारणाने खड्ड्यात उतरला, असं त्यात होतं.

"सही करा, टेन्शन घेऊ नका," साहेब म्हणाले. "मेमो त्याच्या नावावर जाईल, तुमच्यावर काही येणार नाही. आणि खोटं काय आहे यात?"

खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच मला तिथे भांडता आलं नाही, आणि सहीही करता आली नाही. कागद पर्समध्ये टाकून मी संध्याकाळी शिरवण्याला गेले.

मामा ओटीवर उशीला टेकून बसले होते. मामींनी चहा आणला. त्यांना माझ्याबद्दल काही ठाऊक नसावं, कारण त्यांनी मला दोनदा बिस्किटं घ्यायचा आग्रह केला.

मामांनी बशीत चहा ओतून घेतला. मग म्हणाले, "म्याडम, येक इचार डोक्यातून जात नाय. तुमी बोललात, वाऱ्यानं इझला."

"हो."

"पन खाली वारा नसतो. म्हनून तर दिवा तिथं ठेवलेला. आन शटर तर दोन्ही बंद व्हती." ते माझ्यावर आरोप करत नव्हते. हिशेब जुळत नाही म्हणून माणूस विचारतो, तसं विचारत होते. "मंग वारा आला कुठनं?"

मी चहाचा कप खाली ठेवला. पर्समधून अहवाल काढला आणि टाइप केलेल्या ओळीवर काट मारली. तिथेच ओटीवर बसून खाली लिहिलं, शटर आणि एक्झॉस्ट माझ्या सांगण्यावरून बंद होते. मला सावध करणाऱ्याला मी बोलू दिलं नाही. दिवा दोनदा विझला, तो मी पाहिला. ऑपरेटरची चूक नाही. आणि सही केली.

"काय लिवताय?" मामांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. सबंध. मामी दारातच उभ्या राहिल्या होत्या, हातात बिस्किटांची बशी.

मामांनी ते ऐकलं, बाहेर रस्त्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मला वाटत व्हतं देवी मला सांगते हाय, आन मलाच कळलं नाय. मी तर शाळेत पन गेलो नाय. ती तुमाला सांगत व्हती."

मी हो म्हणाले.