वैनीच्या वाटणीचा बल्ब

बेल्ह्याच्या पेठेत माझं शिलाईचं दुकान आहे, आणि दर सोमवारी, आठवडे बाजाराच्या दिवशी, माझ्या ओट्याला लागून दादाभाऊ बसतात. बंद पडलेले एलईडी बल्ब दुरुस्त करतात. बाकीचे दिवस मोटारसायकलला पेटी बांधून दुसऱ्या गावांचे बाजार करतात. मी त्यांच्याशी जेवढी भांडलेय तेवढी माझ्या नवऱ्याशीही भांडले नसेन. माझं तोंड फटकळ आहे, ते सगळ्या बेल्ह्याला माहीत आहे. पण ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी माझ्याशी भांडायला हवं होतं, तिच्यावरून त्यांनी मला चकार शब्दानं दोष दिला नाही. म्हणून मीच सांगते.

दादाभाऊ आणे पठारावरचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यांचे वडील धर्माजीबाबा होते तोवर घरात दोनेकशे मेंढरं होती. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी वर यायचं. बाबा गेले, चराऊ रानं गेली, मेंढरं विकली. पण दादाभाऊंच्या हातातली एक खोड गेली नाही. मेंढरू आजारी वाटलं की ते त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघायचे. आत लाल असलं तर काळजी नाही. फिकं असलं तर पोटात जंत. पांढरं असलं तर त्या मेंढराचं काही खरं नाही. बाजारात कुणी शेळी-मेंढी घेऊन आलं की हे हातातलं काम टाकून पापणी बघायला उठायचे. मी चिडवायचे, "दादाभाऊ, एक दिवस गिऱ्हाइकाची पापणी ओढाल." ते हसायचे. हसले की त्यांचे डोळे पार मिटून जायचे.

बल्बची विद्या त्यांनी पुण्यात एका दुकानात काम करताना उचलली. बल्बची टोपी काढली की आत एक गोल प्लेट असते आणि तिच्यावर पिवळे दाणे. एखादा दाणा जळून काळा पडला की सगळा बल्ब बंद. दादाभाऊ तो बदलायचे. शिवाय कंपनीनं बसवलेल्या दोनपैकी एक रेझिस्टर काढून टाकायचे, म्हणजे उजेड थोडा कमी पडतो पण बल्ब वर्षानुवर्षं टिकतो. "कंपनी बल्बाला पळवती, मी त्याला चालवतो," असं त्यांचं म्हणणं.

आमचं मोठं भांडण झालं ते समृद्धीच्या ब्लाउजवरून. ती आमच्या गावातली, गोकुळभाऊंची मुलगी. तुळशीचं लग्न लागलं आणि पहिल्याच तिथीला हिचं लग्न. साडी मरून, म्हणून मी संध्याकाळी दादाभाऊंच्याच बल्बखाली दोरा जुळवला, पायपिंग जुळवली आणि ब्लाउज शिवून मोकळी झाले. सकाळी उन्हात धरते तर काय! साडी मरून आणि पायपिंग चॉकलेटी. समृद्धीची आई असं बोलली म्हणता! अन् ते सगळं मी दुपारी दादाभाऊंच्या डोक्यावर ओतलं.

"तुमचा बल्ब हाय का काय हाय? पांढराशुभ्र उजेड म्हणं! रंग दिसतोय का त्यात? माझी अब्रू गेली, राव!"

त्यांनी बल्ब हातात घेतला, उलटा केला, आणि म्हणाले, "ताई, चूक बल्बाची हाय. म्हंजी माजीच. स्वस्तातलं दानं हायेत. उजेड देत्यात, रंग न्हाई देत."

मग त्यांनी मला समजावलं. उजेड पांढरा आहे की पिवळा ही एक गोष्ट, आणि त्या उजेडात रंग किती खरा दिसतो ही वेगळी गोष्ट. तिचा शंभरापैकी आकडा असतो, त्याला सी.आर.आय. म्हणतात. आमच्या बल्बला सत्तर. "लाल रंगात तर पार नापास," दादाभाऊ म्हणाले. चांगल्या बल्बला नव्वदच्या वर मार्क पडतात, पण तो इकडे कुणी ठेवत नाही, कारण गिऱ्हाईक उजेड किती ते विचारतं, रंग कसा ते विचारत नाही.

आणि हा माणूस खरंच एक दिवस धंदा बुडवून पुण्याला गेला. पंचाण्णव मार्कांचे दाणे शोधून आणले आणि पुढच्या सोमवारी जुन्या टोपीत नवी प्लेट बसवलेला बल्ब माझ्या मशीनवर लावला. काय सांगू! माझ्या डब्यातले लाल दोरे मी सगळे सारखेच समजत होते. त्या उजेडात सात निघाले सात! कुंकवाचा वेगळा, मिरचीचा वेगळा, डाळिंबाचा वेगळा. मी टाळ्या पिटल्या. दादाभाऊ लाजले.

त्यांच्या पेटीत तसाच दुसरा बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. दाणे दोनच बल्बांपुरते मिळाले होते. दुसरा त्यांच्या बायकोसाठी, आशावैनीसाठी. वैनी गोधड्या शिवायची. घरातला बल्ब उडाला होता आणि ती म्हणाली होती, ताईला करताय तसा मला बी करा.

मी काय केलं? मी तो मागितला. माझं दुसरं मशीन भिंतीकडे आहे, तिथं अंधार येतो. लग्नसराई तोंडावर. "वैनीला पुढच्या खेपेला करा की! गोधडीला कुठं मॅचिंग लागतंय?" असं म्हटलं मी. अगदी हेच शब्द. दादाभाऊंनी एकदा गुंडाळीकडे बघितलं, मग म्हणाले, "बरं." त्यांना नाही म्हणता येत नव्हतं, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

पुण्याची पुढची खेप झालीच नाही. सराईत त्यांनाही सवड मिळेना. घरी त्यांनी टमाट्याचा बल्ब लावला.

टमाट्याचा बल्ब म्हणजे दादाभाऊंचीच करामत. भाजीवाले त्यांच्याकडे यायचे, की माल ताजा दिसला पाहिजे. मग ते साध्या प्लेटवर मधेमधे लाल दाणे बसवायचे. त्याखाली अर्धकच्चं टमाटंसुद्धा रसरशीत दिसतं. बाजारात निम्म्या पालांवर तेच बल्ब. त्यातला एक शिल्लक होता, तो घरी गेला. मला कळलं तेव्हा मी खो खो हसले. "वैनीला विकायला काढलंय का काय?" दादाभाऊ म्हणाले, "तिला आवडला. भाकर खमंग दिसती म्हनती."

दादाभाऊ उजाडायच्या आत घर सोडायचे आणि दिवे लागल्यावर पोचायचे. म्हणजे तीन महिने त्यांनी बायकोला पाहिलं ते त्याच बल्बाखाली. वैनी मुळात सावळी, तोंडावर फिकेपणा कळून यायचा नाही. दमायची. पाण्याचा हंडा उतरवला की खाली बसायची. अंगावरून रक्त जात होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही, नवऱ्याला तर नाहीच. आमच्याकडच्या बायका अशाच मरतात, लाजून. दमले म्हणाली की दादाभाऊ तिची पापणी ओढून बघायचे, जन्माची सवय. आत लाल दिसायचं. "हाय की लालभडक! काय झालं न्हाई तुला," म्हणायचे आणि दोघं हसायची. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं.

माघातल्या एका सोमवारी दिवस मावळताना वैनी आमच्या बाजाराला आली. पुतण्याचं लग्न होतं, ब्लाउज टाकायचा होता. दिवेलागणीला दादाभाऊंनी पेटी आवरली आणि तिला घेऊन माझ्या दुकानात आले. ओट्याच्या तीन पायऱ्या चढून वैनी स्टुलावर बसली ती धापा टाकत. मी माप घेतलं. मागच्या मापापेक्षा छाती अडीच इंचानं कमी.

"वैनी, डाएटिंग करताय का काय?" मी म्हटलं. मग तिचा हात हातात घेतला तर बर्फ. "दादाभाऊ, दवाखान्यात दाखवा हो हिला."

"ताई, मी काय आंधळा हाय व्हय? रोज बघतो. हे बघ, तूच बघ." आणि मला दाखवायला त्यांनी वैनीची पापणी ओढली.

माझ्या मशीनवरच्या बल्बाखाली. पंचाण्णव मार्कांच्या.

आत लाल नव्हतं. गुलाबी नव्हतं. सोललेल्या लसणासारखं पांढरं होतं. दादाभाऊंचा अंगठा तसाच राहिला. त्यांनी दुसरा डोळा बघितला. मग जीभ काढायला लावली, मग तिची नखं बघितली. एकदा वर बल्बाकडे पाहिलं. वैनी विचारत होती, "काय झालं? बोला की." ते खाली बसले आणि तिच्या पायात चपला घालायला लागले. बायकोच्या पायात चपला घालणारा माणूस मी बेल्ह्यात पहिल्यांदा बघितला.

तसंच जीप करून आळेफाट्याच्या दवाखान्यात नेलं. मी बरोबर होते. रक्त साडेतीन भरलं, बाराच्या वर हवं तिथं. डॉक्टर म्हणाले, ही चालत आली कशी? बाटल्या चढवल्या, तपासण्या केल्या, पुण्याला धाडलं. गर्भपिशवीचा कॅन्सर, बाहेर पसरलेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दादाभाऊंना एवढंच विचारलं, "तीन-चार महिने आधी का नाही आणलं?" मी त्यांच्या शेजारीच उभी होते. मनातल्या मनात मी महिने मोजत होते. मार्गशीर्ष, पौष, माघ. तो बल्ब मी कधी मागितला ते मला तारखेनिशी आठवत होतं.

वैनी वैशाखात गेली.

तेरावं झालं आणि पुढच्या सोमवारी दादाभाऊ बाजारात आले ते पेटी न उघडता पालापालावर फिरायला लागले. भाजीवाल्यांकडून टमाट्याचे बल्ब काढून घ्यायचे आणि बदल्यात साधे द्यायचे. लोक हसले, काही जण वैतागले. हौशीराम भाजीवाला म्हणाला, "अहो, धंद्याचं काय?" दादाभाऊ म्हणाले, "धंदा कर. पर ह्यो नगं." सगळे बल्ब त्यांनी पोत्यात भरले आणि दगडानं फोडले. माझ्या ओट्याच्या मागेच. तो आवाज ऐकत मी मशीन चालवत होते, आणि टीप सगळी वाकडी गेली.

मग मला राहवेना. मी भिंतीकडच्या मशीनवरचा बल्ब काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि त्यांच्यासमोर धरला. किती बोलायचं ठरवलं होतं, तोंडातून एवढंच निघालं, "दादाभाऊ, ह्यो वैनीचा व्हता. मी घेतला."

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

"मी मागितला नसता तर..."

"तू मागितला, मी दिला. आन् बल्ब नसता तरी मला डोळं व्हतं का न्हाई? सकाळी घटकाभर उशिरा निघालो असतो तर उन्हात दिसली असती ती." त्यांनी गुंडाळी माझ्याच हातात परत दिली. "घरी कशाला नेऊ? आता कुनाला बघायचंय? लाव तिथंच. तुज्याकडं बाया येत्यात मापाला. बघत जा."

म्हणून मी बघते. ब्लाउजचं माप घेतलं की म्हणते, बाई, इकडं ये उजेडात, डोळा दाखव. काही जणी हसतात, काही जणी चिडतात, सरूबाई तर म्हणाली, मी काय मेंढरू हाय? पण फिकी दिसली की मी हात धरून दवाखान्यात पाठवते. आतापर्यंत चौघी गेल्या. लोक माझं कौतुक करतात, आणि ते कौतुक मला गिळवत नाही. वैनीचा ब्लाउज अजून कपाटात आहे, कापलेला, न शिवलेला.

दादाभाऊ अजूनही सोमवारी येतात. दिवसा माझ्या दुकानात बसतात, चहा पितात, माझ्या शिव्या खातात. दिवे लागायची वेळ झाली की ओट्याखाली उतरून आपल्या पेटीपाशी जातात. बटण मीच दाबायचं, आणि दादाभाऊ रस्त्याकडे तोंड करून उभे. त्या दोन बल्बांच्या उजेडात त्यांनी परत पाऊल टाकलेलं नाही.