फोडणीचा वास

त्या चैत्रात माझी देवावर श्रद्धा होती की नाही, हे मला स्वतःलाच सांगता आलं नसतं. लढाई चालू होती आणि मी लोकल बोर्डाच्या आरोग्य खात्यात देवी टोचणारा म्हणून गावोगाव हिंडत होतो. लोक मला देवीडॉक्टर म्हणत. डॉक्टरकी म्हणाल तर एक सुई, लशीच्या काचेच्या नळ्या आणि त्या गार राहाव्यात म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं. चालून चालून पायांना इतके फोड आले होते की त्यांची शिरगणती करायला दोन तलाठी लागले असते.

आणखी एक अवजार होतं, ते खात्याच्या यादीत नव्हतं. थाप. लोक म्हणत, देवीचा रोग म्हणजे साक्षात आईच, ती घरात आली असताना तिला सुई कशी दाखवायची? मग मी सांगायचो, आई माझ्या स्वप्नात आली आणि म्हणाली, तू पुढं हो, मी मागून येते. पहिल्या गावात ते स्वप्न होतं. चौथ्या गावात ती मला भरदिवसा बांधावर भेटली. दहाव्या गावापर्यंत तिनं हिरवी पैठणी नेसली, नथ घातली आणि माझ्या हातचा गुळाचा चहाही घेतला. बायका हात जोडत, पोरं पुढं करत. पोरं जगतात ना, मग आईचं काय बिघडलं, अशी मी मनाची समजूत घालायचो. तिच्या देवळावरून जाताना मात्र मान वर करत नव्हतो.

पलूसच्या अलीकडं एका वाडीत शिरलो तेव्हा चुली पेटलेल्या होत्या, पण फोडणीचा वास नव्हता. घरात देवी आल्या की फोडणी देत नाहीत. आईला तो धूर सोसत नाही म्हणतात. इथं आख्ख्या वाडीत कुठं तडतड ऐकू येईना, आणि दारोदार कडुलिंबाचे डहाळे. मडक्यातली लस जेमतेम तो दिवस काढणार होती.

आईच्या देवळाच्या पारावर बसलो. बायका लांबून बघत होत्या. त्यांतली सोनाआजी पुढं आली. तिचा लेक लढाईवर, सून बाळंतपणात गेलेली, दोन नातवंडं हिच्या पदरात. नातवाला परवाच अंगभर फोड आलेले. नात तानी, चार वर्षांची, आजीच्या लुगड्याला धरून उभी होती. माझी कीर्ती माझ्या आधीच पोचली होती. आजीनं विचारलं, "आवं डॉक्टर, आई बोलली तुमच्याशी, ह्ये खरं व्हय? माज्या तानीच्या डोक्यावर हात ठिवून सांगा."

असा हात ठेवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पैठणी, नथ, चहा, सगळं जिभेवर तयार होतं. पण मी इतका थकलो होतो की खोटं बोलायलाही अंगात बळ उरलं नव्हतं.

"न्हाई आजी," मी म्हणालो. "ते मी रचून सांगतो. पर ह्या सुईनं पोरं वाचत्यात, तेवढं खरं हाय."

आजी तानीला उचलून आत गेली. बाकीच्याही पांगल्या. देवळाकडं पाठ करूनच मी मनात म्हटलं, बाई गं, एक थाप होती, तीही गेली. आता तुला काय करायचं ते कर. ती माझी पहिली प्रार्थना, आणि तीही कुरकुरत केलेली.

थोड्या वेळानं ओढ्याच्या वाटेनं एक बाई आली, कडेवर मूल. समोर बसली, मुलाचा दंड उघडा केला आणि म्हणाली, "टोचा." मी टोचलं. मूल वाडी दणाणेल असं रडलं, आणि त्या रडण्यानं दारं उघडली. बाई त्याला थोपटत तिथंच बसून राहिली. सोनाआजी बाहेर आली. तोंड फिरवून तिनं तानीचा हात माझ्यापुढं धरला. मग एकेक करून सगळीच आली. मडक्यात एक नळी उरली नाही. नावं लिहून झाल्यावर मान वर केली, तर ती बाई नाव न सांगताच गेली होती.

टोचलेल्या जागी फोड उठला का, ते आठवड्यानं बघायचं असतं. माझ्या पायांनी पंधरवडा लावला. तानीच्या दंडावर खपली धरली होती, बाकी अंग स्वच्छ. नातवाच्या तोंडावर वण राहिले, पण डोळे शाबूत. अंगणात बसून भाकरी खात होता. आदल्या दिवशीच दहीभात ठेवून आईची बोळवण केली होती. मी त्या बाईचं घर विचारलं.

"आमाला काय ठावं?" आजी म्हणाली. "तुमच्याच संगं आलती न्हवं ती? म्हटलं, ह्यो बाबा खोटारडा, पर आपल्याच लेकराला आदी टोचतोय. मग सुई खोटी नसंल."

आसपासच्या वस्त्यांवर विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं. असेल कुणी वाटसरू. मी वाद घालत नाही. एवढंच कळतं की मी तिला माझ्या मागून चालवत होतो, आणि माझी बडबड थांबेपर्यंत तिला पुढं यायला वाटच नव्हती. लोक अजून विचारतात, ती काय नेसली होती? पैठणीच्या काठावरचे मोर मी गावोगाव मोजून दाखवले, पण हिच्या लुगड्याचा रंग मला आठवत नाही.

निघताना आजीच्या चुलीवर फोडणी पडली. लसणीचा, मिरचीचा धूर पारापर्यंत आला. मी देवळाकडं तोंड करून हात जोडले आणि डोळ्यांना पाणी आलं. मिरचीनं आलं, असं मी आजीला सांगितलं. तेवढी एक थाप आईनं पोटात घातली असावी.