ऋणनिर्देशात नसलेलं नाव

बद्रीनाथ पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा प्रकाशक माधवरावांनी त्याला दारातच विचारलं होतं, "पार्सल कुणाचं?" खाकी शर्ट आणि हातात प्लास्टिकची पिशवी, म्हणजे कुरिअरवाला, हा आमचा पेठेतला हिशेब. पिशवीत कादंबरी होती. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून माधवरावांकडे मुद्रितं तपासते, म्हणजे छपाईआधी पुस्तकातल्या चुका काढते. दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार मिळतो, पुणेकराला आणखी काय हवं!

बद्रीनाथ वाशीमकडचा. मांजरीहून हिंजवडीला जाणारी कंपनीची बस चालवतो. सकाळी माणसं सोडली की संध्याकाळपर्यंत बस उभीच. बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटतात किंवा ताणून देतात. हा मागच्या सीटवर बसून लिहायचा. पत्रा फार तापला की चहाच्या टपरीमागे जाऊन लिहायचा. प्रकाशकांकडून उत्तर ठरलेलं, साभार परत. त्यातल्या एकाने खाली पेनाने 'पुन्हा प्रयत्न करा' असं लिहिलं होतं. बहुतेक उगीच, बरं दिसावं म्हणून. या गड्याने ते मनावर घेतलं. अख्खी कादंबरी नव्याने लिहिली, पाठवली, ती परत आली, की पुन्हा लिहायला बसला. असल्या चिवट माणसांचा मला आधी राग येतो आणि मग त्यांचा लळा लागतो.

कादंबरी होती गाव सोडून पुण्याला आलेल्या एका जोडप्याची. माधवराव वाचून म्हणाले, "बरी आहे." त्यांच्या तोंडून 'बरी' ऐकल्यावर बद्रीनाथने हत्तीवरून साखर वाटायला हरकत नव्हती. त्याऐवजी त्याने ऋणनिर्देश लिहून आणला. त्यात टाइप करून देणारी बसमधली उत्कर्षा होती, टपरीवाला होता, गेटवरचा वॉचमन होता, आणि ज्यांनी ज्यांनी कादंबरी परत पाठवली ते सगळे प्रकाशकही होते.

"अहो, हा ऋणनिर्देश आहे की मतदारयादी?" माधवराव म्हणाले.

"यायच्यामुळंच तर पुन्हा पुन्हा लिहिलं, साहेब," बद्रीनाथ म्हणाला. एकही नाव त्याने गाळू दिलं नाही.

शेवटची मुद्रितं बघायला तो बायकोला, मैनाला, घेऊन आला. सोबत पेढे. मी सहज विचारलं, "बद्रीनाथ, एवढी नावं घातलीत, यात मैनाबाई कुठे दिसत नाहीत?"

तो लाजून हसला. "घरच्या मानसाचे कोनी आभार मानते का, बाई? परकं वाटते."

बोलणं खोटं नव्हतं. आमच्या घरीसुद्धा आईला कुणी 'थँक्यू' म्हणालं असतं तर तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. पण मैनाने हातातला पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला.

"वाटू द्या ना परकं," ती म्हणाली. "इतके वर्सं तुमी कागदापाशी आन् मी मेसच्या पोळ्यापाशी. परकीच होती मी. बसमधल्या साऱ्याइले वाचून दाखवलं तुमी. घरी एक पान नाई वाचलं."

माधवराव पंख्याकडे पाहत राहिले. बद्रीनाथने मुद्रितं गोळा केली आणि म्हणाला, "साहेब, सध्या छापू नका. आधी घरी वाचतो."

"अहो, छापखान्यात नंबर लागलाय. आता काढलंत तर पुन्हा रांगेत शेवटी. आणि तोवर माझा विचार बदलला तर?"

ही नुसती धमकी नव्हती. हातात घेतलेली पुस्तकं माधवरावांनी सोडून दिलेली मी पाहिली आहेत. बद्रीनाथलाही ते कळलं असावं, त्याचा चेहराच उतरला. पण गठ्ठा घेऊन तो गेला. वेडा आहे हा, असं मी मोठ्याने म्हणाले आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बऱ्याच दिवसांनी दोघं परत आली. मधल्या दिवसांत रोज रात्री मैना पोळ्या लाटायची आणि हा शेजारी बसून वाचायचा. ती निमूट ऐकत होती. स्वारगेटच्या प्रकरणाला तिने लाटणं खाली ठेवलं. गावाहून आलेली बायको स्वारगेटला उतरते, गर्दी पाहून रडू लागते आणि नवरा तिचा हात धरतो, असं ते पान. आम्हा सगळ्यांचं आवडतं.

"मी कवा रडली?" मैना त्याला म्हणाली होती. "रडत तं तुमी होते. पेटी टाकून फुटपाथवर बसले होते. मी पेटी उचलली, तुमाले उठवलं."

बद्रीनाथने ते पान नव्याने लिहून आणलं होतं. मी वाचलं. त्यात आता नवरा रडत होता, अगदी ओक्साबोक्शी, आणि बायको एका हाताने पेटी आणि दुसऱ्या हाताने त्याला सांभाळत रिक्षावाल्याशी भांडत होती. माझे डोळे भरून आले. चूक काढायला काही सापडेना.

माधवरावांनी पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि छापखान्याला फोन लावला. नंबर पुन्हा शेवटचाच मिळाला, पण मिळाला.

मग ते मैनाकडे वळले. "मैनाबाई, ऋणनिर्देशात सगळ्यांत वर तुमचं नाव घालतो."

"आता कायले?" मैना म्हणाली. "आत मीच तं हाय."