दारातला दम

त्यांचा उजवा हात कायम डोक्याच्या वर असे. बोलताना, चहा पिताना, कुणाच्या तब्येतीची चौकशी करताना तळवा आभाळाकडे आणि हात वर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, माणूस राजकारणातला असावा, किंवा गावच्या देवळाचा कळस आपणच पेलून धरलाय अशी त्याची समजूत असावी. मलाही तसंच वाटलं असतं. पण मी आधी त्यांची गाडी पाहिली.

कोथरूडमध्ये माझं परदेशी गाड्यांचं छोटं गॅरेज आहे. तिथे एका दुपारी लालभडक, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी स्पोर्ट्स कार येऊन थांबली. तिची दारं पंखांसारखी वर उघडणारी. एक दार वर गेलं आणि पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी असा साठीकडे झुकलेला गृहस्थ विहिरीतून वर यावं तसा बाहेर आला. बाहेर येताक्षणी हात वर गेला. दार धरायला!

"इंजिनियर साहेब," ते म्हणाले, "दाराला दम न्हाय राहिला."

ते पुण्याजवळच्या मांजरी गावचे शेतकरी. पुणं वाढत वाढत त्यांच्या उसापर्यंत पोचलं, रस्त्याकडेचा तुकडा बिल्डरकडे गेला आणि अंगणात ही गाडी आली. उरलेल्या जमिनीत ते अजून स्वतः पाणी धरत. "दम हाय का?" हा त्यांचा साऱ्या जगाला एकच प्रश्न. नव्या पंपात दम हाय का, जावयात दम हाय का. माझ्याकडचा चहा प्यायल्यावर त्यांनी तो विचारलासुद्धा नाही. कप खाली ठेवून म्हणाले, "असू द्या. गरम हुता."

अशी दारं आणि डिकीचं झाकण वर तोलून धरायला गॅसचे दांडे असतात. आम्ही त्यांना शॉकर म्हणतो. बंद नळीत दाबून भरलेला गॅस आतला दांडा बाहेर रेटत राहतो, म्हणून दार वर राहतं. वर्षं गेली की गॅस झिरपतो. मी दार उघडलं. राहिलं. डिकी उघडली. तीही राहिली.

"दादा, आपलं दार आमच्यापुढे तरी अगदी सभ्य वागतंय," मी म्हणालो.

"दुपारचं वागतंच हो. सकाळी या मांजरीला, थंडीत. मग बघा त्याचे गुण."

गेलो. डिसेंबरचा गारठा, उसाच्या पात्यांवर दव. गारठ्यात गॅसचा जोर आणखी कमी होतो, हे मला ठाऊक होतं, पण पाहिलं तिथेच. दार वर केलं, पळभर थांबलं आणि मान टाकल्यासारखं खाली आलं. दादांनी तिकडे न बघता हात वर करून ते झेललं. दुसऱ्या दाराखाली त्यांनी चक्क उसाचं टिपरू लावलं होतं.

"हे सारखं बदलावं लागतं," ते म्हणाले. "नातवंडं खात्यात."

मी हसलो. तेही हसले, आणि मग घराकडे एक नजर टाकून हळू आवाजात बोलू लागले. मागच्या थंडीत हे दार त्यांच्या बायकोच्या खांद्यावर पडलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण ती पुन्हा गाडीत बसली नाही. भांडली नाही. गाडीला वळसा घालून जायची.

"लगीन झालं तवा एक सायकल हुती बघा आपल्याकडं. मागं क्यारेजवर बसवून आणलं तिला. तवा म्हनलं हुतं, एक दिवस शेजारी बसवून फिरवीन. पोरं म्हणत्यात, इकून टाका. मी न्हाय इकणार. पन शेजारची शीट मोकळी घिऊन फिरायचं तरी कुठं?"

मी सगळ्या शॉकरांच्या जोड्या परदेशातून मागवल्या. त्या येईपर्यंत दादांचे फोन चालू. "निघाले का?" "जहाजानं येत्यात का इमानानं?" शेवटी मलाच सकाळी उठल्यावर पहिला विचार शॉकरांचा येऊ लागला. खोकं हातात पडलं तेव्हा मी त्यांच्याआधी ओरडलो. पण दादांची एक अट होती. काम त्यांच्या अंगणात आणि थंडीतच करायचं. "तुम्ही दुपारी कोथरूडात बसवाल आन् म्हणाल, झालं. आमच्या मंडळींचा इस्वास बसाय नको?"

त्या सकाळी अंगणात जत्रा होती. बाजेवर माणसं, गच्चीवर माणसं, गोठ्याच्या भिंतीवर पाय सोडून माणसं. दार खालून नीट टेकू देऊन धरायचं, दांड्याच्या टोकाची बारीक क्लिप उचकटायची, जुना दांडा ज्या लोखंडी गोळीवर अडकवलेला असतो तिच्यावरून ओढून काढायचा आणि नवा दाबून बसवायचा. काम एवढंच, पण मी प्रत्येक क्लिप दोनदा तपासली. 'टक' असा आवाज झाला. मी टेकू काढला, दाराला नुसतं बोट लावलं.

दार उठलं! एखाद्या वडीलधाऱ्यानं पाहुण्यासाठी सावकाश उठावं, तसं वर गेलं आणि थांबलं. गच्चीवरून शिट्ट्या आल्या. दुसरं दारही तसंच. डिकीचेही शॉकर बसवून मी झाकण लावलं होतं, त्यावर दादांनी उकाडा झाला म्हणून टोपी काढून ठेवली होती. त्या थंडीत उकाडा! नव्या शॉकरांनी झाकण असं काही झपाट्यानं उचललं, की टोपी उडाली ती थेट म्हशीपुढच्या वैरणीत. सगळं अंगण हसून लोटपोट.

तेवढ्यात घरातून दादांच्या पत्नी, वहिनी, हात पुसत बाहेर आल्या, आणि हसणं विरलं. त्या कुणाकडे न बघता चालत आल्या आणि बरोबर उघड्या दाराखाली उभ्या राहिल्या.

"माझा च्या हितंच आण गं," त्यांनी सुनेला सांगितलं.

चहा आला. वहिनींनी बशीत ओतला, फुंकर घातली, पिऊ लागल्या. मी नवी वस्तू बसवली होती, सगळं तपासलं होतं, तरी माझे डोळे त्या दारावरून हलेनात. आणि दादांचा हात आपोआप वर जाऊ लागला. खांदा, कोपर, मग तळवा दाराच्या कडेपाशी.

"हात खाली घ्या," वहिनी बशीतून वर न बघता म्हणाल्या.

"अगं पन…"

"खाली घ्या म्हणते ना. दाराला बघू द्या की उभं ऱ्हाऊन."

त्यांनी हात खाली घेतला. एवढा जड हात मी कुणाचा पाहिला नाही. तो खाली राहीना, म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरून ठेवलं.

वहिनींनी चहा संपवला, कपबशी सुनेकडे दिली, वाकून आत बसल्या आणि आतूनच म्हणाल्या, "चला की आता. का च्या घ्यायचाय तुम्हाला बी?"

दादा टोपी न घेताच निघाले. गाडी फाट्याकडे वळेपर्यंत आम्ही सगळे ओरडत होतो. कशासाठी ते विचारू नका. तुम्हीही ओरडला असतात.

त्यानंतर ती दोघं सगळीकडे दिसू लागली. स्वारगेटच्या गर्दीत बसवाले त्यांना वाट देत. लग्नाला, बारशाला, भाजी घ्यायलासुद्धा लाल गाडी. काही वर्षांनी दादा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा गाडी अंगणात झाकलेली होती. मला वाटलं, आता ती विकतील.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी गॅरेजसमोर हॉर्न वाजला. स्टिअरिंगवर वहिनी. सुनेनं गाडी चालवायला शिकवलं होतं.

"बसा, इंजिनियर साहेब. चक्कर मारू."

मी बसलो. चांदणी चौक मागे पडला, मोठा रस्ता लागला. वहिनी मान ताठ ठेवून चालवत होत्या.

"ह्यांनी साठच्या वर कधी नेली न्हाय गाडी. ठाऊक हाय?"

"हो. म्हणायचे, मंडळींना वाऱ्याचा त्रास होतो."

"मला?" त्या खुदकन हसल्या. "ह्यांनाच भ्या वाटायचं. म्हनलं, सांगू देत माझं नाव."

पुढचा रस्ता मोकळा होता. वहिनींनी आरशात पाहिलं, एका हातानं पदर कमरेला घट्ट खोचला आणि पाय दाबला.