बोअरच्या पाण्याची बादली

“आवं दादा, पोरगी एकटी नेणार व्हय गाडी? या उन्हात साताऱ्यापर्यंत?” काका बाबांना विचारत होते. मी बॉनेटखाली वाकले होते, पण मला सगळं ऐकू येत होतं.

आजही कूलंटचा गोडसर वास आला की सांगलीतलं आमचं अंगण आठवतं. एप्रिलची सकाळ होती आणि पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला मी निघणार होते. टायरमधली हवा तपासून झाली होती. मी इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची बाटली उघडली, तेवढ्यात काका बोअरच्या पाण्याची बादली घेऊन आले. आमच्याकडे सगळे कूलंटऐवजी तेच ओततात, मग त्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर रेडिएटरमध्ये बसतो आणि उन्हात इंजिन तापतं.

“सरक गं. तुला काय कळतंय त्यातलं?”

गाडीची चावी काकांनी आपल्याच खिशात ठेवली होती. एरवी मी बाजूला झाले असते. आज वाटतं, त्यांना काळजीही असेल. पण तेव्हा सरकले असते, तर अजून सरकतच राहिले असते. मी हात पुढे केला.

“बादली खाली ठेवा, काका. आणि चावी द्या.”